काळी तीन रिकामी

मागच्या श्रावणात माझा भाचा गिटार घेऊन आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी राहायला आला. शिकतो चित्रकला, पण रात्री जेवणं उरकली की वरच्या खोलीतून तारांचाच आवाज. एका रात्री खाली येऊन म्हणाला, "आत्या, मी खाली धरून ठेवतो, तू वर वाजव. ब्लूज आहे, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. सा, म आणि प, तीनच जागा. तुला काय अवघड?"

मलाही वाटलं, काय अवघड? चाळीस वर्षं पेटीची साथ करते आहे. भजनी मंडळं, मुलामुलींच्या परीक्षा, गणपतीतले कार्यक्रम, कधीमधी चांगल्या गवयाच्या शेजारीही बसले आहे. नेहमीची स्केल चेंजर पेटी त्या आठवड्यात दुरुस्तीला गेली होती, म्हणून कपाटावरची जुनी साधी पेटी काढून पुसली, भाता मोकळा केला आणि पट्टी विचारली. तो म्हणाला, "ई." म्हणजे आपली पांढरी तीन.

त्यानं सुरू केलं आणि माझी बोटं हरवली. कानाला सगळं कळत होतं. आता मध्यमावर गेला, आता षड्जावर परत आला, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण या पट्टीत कोमल, म्हणजे उतरलेला, गंधार पांढऱ्यावर आहे आणि शुद्ध गंधार काळ्यावर, हे बोटांना ठाऊक नव्हतं. ते शोधेपर्यंत त्याचा फेरा पुढं निघून जाई. तो काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून धरत राहिला. चौथ्या फेऱ्याला मी भाता बंद केला आणि म्हटलं, "आज नाही फावत रे मला." त्यानं गिटार खाली ठेवली, पाणी आणून दिलं आणि विषय बदलला. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

पेटीशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे सा एका जागी बांधलेला नसतो. गाणाऱ्याचा गळा जिथं बसेल तिथं त्याचा सा. पुरुष बहुतेक काळी एक, पांढरी दोन अशा आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाच. सप्तकात पांढरे सूर सात आणि काळे पाच, म्हणून पट्ट्या बारा. पाश्चात्त्यांचा सी म्हणजे आपली पांढरी एक, एफ म्हणजे पांढरी चार, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. गाणाऱ्यानं पट्टी सांगायची आणि पेटीवाल्यानं तिथं जायचं, हा साथीचा पहिला नियम.

स्केल चेंजर पेटीनं हे जाणंच काढून घेतलं. बाजूची मूठ फिरवली की सुरांची अख्खी ओळ आतल्या रीडांवरून, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्यांवरून, एकेक घर सरकते. बोटं ओळखीच्या जागी राहतात आणि आवाज मात्र हव्या त्या पट्टीत निघतो. मी ती घेतली तेव्हा तिशीत होते. त्याआधी पाच-सहा पट्ट्या मला हातानं येत होत्या. घेतल्यानंतर सगळ्यांना मी एकाच पट्टीच्या बोटांनी साथ केली, आणि बाकीच्या पट्ट्या हातातून कधी गेल्या ते कळलंसुद्धा नाही. नाही म्हणायला एकदा कळलं होतं. एका कार्यक्रमात ऐन वेळी पट्टी बदलताना ती मूठ मध्येच अडकली. सूर धड या रीडवर नाहीत, धड त्या रीडवर नाहीत, नुसती हवा फुसफुसत होती. गाणाऱ्या बाई थोडा वेळ थांबल्या, मग तानपुऱ्यावरच गायल्या. मी पाऊण तास पेटीपुढं हात मांडीवर ठेवून बसले. तेव्हा मी दोष पेटीला दिला होता.

माझ्या आजोबांना असा दोष कुणाला देता आला नसता. ते नाटकांच्या साथीला पायपेटी वाजवत. बडोद्यात नाटक मंडळ्यांचे मोठे मुक्काम पडत, गंधर्व नाटक मंडळीला तर सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, आणि मंडळी गावात आली की स्थानिक वाजवणाऱ्यांनाही कधी बोलावणं येई. पायपेटीला सरकणारे सूर नसतात. नायिका एका पट्टीत, नायक दुसऱ्या, बदली नट आला तर तेच पद आज तिसऱ्याच पट्टीत. आजोबांच्या बोटांत बाराही पट्ट्या होत्या. त्या त्यांनी कशा बसवल्या हे मी लहानपणी विचारलं होतं आणि उत्तर तेव्हा मला नीटसं कळलं नव्हतं. ते पट्टीचं नाव घेण्याऐवजी एखाद्या पदाची पहिली ओळ गुणगुणायचे आणि म्हणायचे, "ही ती." त्यांच्यासाठी प्रत्येक पट्टीला एक पद होतं, जे त्यांनी तिथं पहिल्यांदा वाजवलं होतं. काळी दोन म्हटलं की ते पद आधी येई आणि त्याच्यामागोमाग सगळे सूर आपल्या जागेवर उभे राहत. पलटे त्यांनीही घोटले असतील. पण पट्टी लक्षात राहिली ती पदामुळं.

जागून काढलेल्या त्या रात्री मला ही "ही ती" आठवली. भाच्याला सकाळी चहा देताना विचारलं, "तुझ्या ब्लूजमध्ये अशी प्रत्येक पट्टीची चीज असते का?" तो म्हणाला, "चिजा पुष्कळ आहेत, पण प्रत्येक पट्टीत आहेत का ते शोधावं लागेल." त्या दिवसापासून आम्ही दोघं शोधतो आहोत.

आधी मला तो साचा समजून घ्यायचा होता. भाचा सांगत होता की बारा बार असतात, प्रत्येकात चार ठोके. मी बोटांवर मोजत गेले आणि मध्येच थांबले. चार बार म्हणजे सोळा मात्रा. म्हणजे अख्खा ब्लूज हा आपल्या सोळा मात्रांच्या त्रितालाची तीन आवर्तनं! पहिलं आवर्तन सगळं षड्जावर. दुसऱ्यात अर्धं मध्यमावर आणि अर्धं परत षड्जावर. तिसऱ्यात चार मात्रा पंचम, चार मात्रा मध्यम आणि मग घर. गाण्याची ओळही तशीच बसते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या आवर्तनाला तिचं उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा तीच ओळ येते, पण तिच्याखालची जमीन तेवढ्यात मध्यमाची झालेली असते, म्हणून तेच शब्द निराळे लागतात. आपण मुखडा परतपरत घेतो तेव्हा त्याला प्रत्येक वेळी वेगळी बढत जोडतो. इथं मुखडा तसाच ठेवून खालचा आधार बदलतात. हे मला फार आवडलं, अजूनही प्रत्येक वेळी पाचव्या बारवर अंगावर काहीतरी होतं.

आणि गंधार. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. तो दोघांच्या मधल्या वाटेवर कुठंतरी असतो आणि हलत असतो. डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तरांनी लिहून ठेवलंय की १९०३ साली मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्यांनी एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घसरवत गाताना ऐकलं, आणि तसलं काही त्यांनी त्याआधी ऐकलं नव्हतं. विचित्रवीणेवर बट्टा फिरतो तशी ती सुरी. आपल्याकडे दोन गंधार म्हटलं की जोग राग आठवतो, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. जोग आणि ब्लूज एक आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, दोघांची माती वेगळी, दुःखं वेगळी. पण दोन गंधारांचा तो ओढा ज्याच्या कानात आधीपासून आहे त्याला ब्लूजच्या दारात उभं राहून ओळख सांगावी लागत नाही.

गिटारवाला तार ओढून तो मधला गंधार काढतो. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं, नाही. हे आम्हा पेटीवाल्यांचं जुनं दुःख, त्यावर आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. मग पियानोवाल्यांनी काय केलं? भाच्यानं मला एक जुनं वादन लावून दिलं आणि म्हणाला, नीट ऐक. कोमल गंधारावर बोट पडतं आणि त्याच क्षणी तेच बोट घसरून शुद्ध गंधारावर येतं. कणस्वरासारखं, पण कण आणि सूर दोन्ही एकमेकांत चिरडलेले. मी पेटीवर करून पाहिलं. पांढरी एकला सा धरला तर कोमल गंधार काळी दोनवर येतो आणि शुद्ध पांढरी तीनवर. मधलं बोट काळ्यावर ठेवायचं आणि उतारावरून पाय घसरावा तसं पांढऱ्यावर सोडायचं. हाताखाली काळा सूर उंच, पांढरा सखल, त्यामुळं घसरगुंडी आपोआप होते. पहिल्यांदा तो आवाज माझ्या पेटीतून निघाला तेव्हा मी एकटीच होते घरात. दहा-बारा वेळा तेवढाच काढला.

मग पांढरी तीनला करून पाहिलं, आणि श्रावणातल्या त्या रात्री काय झालं होतं ते उमगलं. तिथं कोमल गंधार पांढरा आणि शुद्ध गंधार काळा. सखल जागेवरून उंचावर बोट घसरत नाही. तिथं दोन बोटं लागतात, आणि दोन बोटांनी वाजवला की तो आवाज कोरडा होतो, नीटनेटका होतो. मी एक वही घेतली आणि बाराही पट्ट्या तपासल्या. पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी पाच या पाच पट्ट्यांत गंधार वर घसरतो. काळी एक आणि काळी चारला दोन्ही गंधार शेजारशेजारचे पांढरे, तिथं बोट ओढत न्यावं लागतं. उरलेल्या पाचांत, म्हणजे पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात, वर घसरणं नाहीच. बारा पट्ट्या म्हणजे एकच गोष्ट बारा उंचींवर, असं मी इतकी वर्षं मानत होते. स्केल चेंजरच्या मुठीला तसंच वाटतं. हाताला तसं नसतं.

त्या वहीत मी प्रत्येक पट्टीला चार पानं दिली. चीज ऐकायची, सरगममध्ये उतरवायची आणि ती तिच्या स्वतःच्या पट्टीतच बसवायची. बडोद्यात वाढलेल्या माणसाला चीज लिहून घेण्याचं वावडं नसतं. गवई मौलाबक्षांनी १८८६ साली इथल्या गायनशाळेत मुलांना स्वरलिपीनं शिकवायला सुरुवात केली, आणि सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयाच्या बाजूनं जाताना आजही खिडकीतून कुणाची तरी सरगम ऐकू येते. माझ्या वहीत त्याच लिपीत अमेरिकेतले जॅझवाले ड्यूक एलिंग्टन आले याचं मला कौतुक वाटतं.

एलिंग्टनपासूनच सुरुवात केली, कारण पांढरी एकची ती चीज, 'सी जॅम ब्लूज', दोनच सुरांची आहे. पंचम आणि वरचा षड्ज, बस्स. १९४२ सालची. दोन सुरांत बारा बार भरून काढायचे म्हणजे लय किती पक्की हवी ते वाजवायला बसल्यावर कळतं. मी आठवडाभर तीच घोटली. पांढरी चारला चिजांची कमी नव्हती, सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या १९४५ च्या एकाच बैठकीतल्या दोन ब्लूज चिजा त्या पट्टीत आहेत. मी 'नाउज द टाइम' घेतली. काळी पाचला पियानोवाल्या थेलोनियस मंकची 'ब्लू मंक'. हिच्यावर माझा जीव जडला. ग, म, तीव्र म, प, असा एकेक पायरी चढत जातो आणि मग दुसऱ्यांदा तोच जिना वरच्या मजल्यावरून चढतो. आमच्या वाड्याच्या लाकडी जिन्याला अशाच चार पायऱ्या आहेत, मग वळण, मग पुन्हा चार. भजनी मंडळातल्या एका मुलीला ती मी अंताक्षरीसारखी गाऊन शिकवली, तिला अर्ध्या तासात आली.

वहीतली पानं भरताना एक गोष्ट दिसू लागली. काळी पाच, पांढरी चार, काळी दोन यांची पानं भराभर भरत होती, आणि काही पानं कोरीच. भाच्याला कारण ठाऊक होतं. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटमध्ये बांधलेले असतात, ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटमध्ये. ट्रम्पेटवाल्याची सर्वांत सोपी पट्टी आपल्या पेटीवर काळी पाचला येते. फुंकून वाजवणाऱ्यांचं संगीत, म्हणून त्यांना सोयीच्या पट्ट्यांत चिजा जास्त. हे ऐकल्यावर मला लहानपणीच्या वराती आठवल्या. मांडवीकडून बँड वाजत यायचा, मी गॅलरीतून ऐकायचे आणि आत पळत जाऊन पेटीवर शोधायचे, तर सा पुष्कळदा काळी पाचवर सापडायचा. आजोबा सांगत की कमाटी बागेतल्या बँडस्टँडवर संस्थानचा बँड वाजायचा तेव्हा ते बाकावर बसून पट्टी ओळखायचा खेळ खेळत. जी वाद्यं गोऱ्यांच्या पलटणींबरोबर इथं आली तीच तिकडं अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर वाजत होती. काळी पाचशी माझी ओळख मला वाटत होती त्यापेक्षा फार जुनी निघाली.

काळी दोनला क्लिफर्ड ब्राउनची 'सँडू' मिळाली, १९५५ ची. पुढच्याच वर्षी हा ट्रम्पेटवाला मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. त्या वादनात इतकी उजळ मजा आहे की ते वाजवताना मला दर वेळी ते वय आठवतं आणि शेवटचं आवर्तन मी जरा सावकाश घेते. पांढरी पाचला ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'ऑल ब्लूज' आली, १९५९ ची. ती सहाच्या झोक्यात आहे, मी तिला दादऱ्याच्या अंगानं धरलं आणि भाच्याला सांगितलं की आता तू माझ्या मागून ये. काळी चार म्हणजे आमच्या बायकांची पट्टी, तिथं सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेननं आपल्या मावसबहिणीच्या नावानं बांधलेली 'कझिन मेरी' आहे. तिला तिथं पाहून मला उगाचच बरं वाटलं. काळी एकला त्याच कोल्ट्रेनची 'इक्विनॉक्स', त्यानं ती मूळ त्याच पट्टीत वाजवली आहे. हा ब्लूज सगळा कोमल गंधाराचा, उन्हाळ्यातल्या रात्री दहा वाजताच्या हवेसारखा जड आणि स्थिर. ती बसवायला मला महिना लागला. सूर सोपे आहेत, पण तिच्यात थांबण्याच्या जागा फार आहेत आणि थांबणं मला पेटीवर कधी शिकवलंच गेलं नव्हतं. साथीला बसणाऱ्याला गाणाऱ्याची जागा भरायची सवय असते.

मग गिटारवाल्यांचा मुलूख लागला. इथं भाचा गुरू आणि मी शिष्य. त्यानं गिटार माझ्या मांडीवर दिली आणि खालच्या तीन जाड तारा एकेक छेडून दाखवल्या. ई, ए, डी. पांढरी सहाला सा धरला तर षड्ज, मध्यम आणि पंचम या तिन्ही जागा त्या मोकळ्या तारांवरच येतात, डाव्या हाताचं बोट लावायची गरज नाही. पांढरी तीनलाही तिन्ही जागांना मोकळ्या तारा आहेत, पंचमाची तेवढी वरच्या बारीक तारेवर. कुणी शिकवायला नसलेल्या, शेतावर राबून आलेल्या माणसाच्या हातात गिटार पडली तर तो याच दोन पट्ट्यांत जाणार. तिथं पट्टी वाद्यानंच पुढं केली होती. पांढरी दोनला वेस मंटगमरीची एक चीज मिळाली जिच्या नावातच पट्टी आहे, 'डी नॅचरल ब्लूज'. हा माणूस नखी न घेता अंगठ्यानं तारा छेडायचा, त्यामुळं त्याचा सूर मऊ, गोल. आणि पांढरी सातला बी. बी. किंगची 'द थ्रिल इज गॉन', १९६९ सालची. तो गाताना गिटार वाजवत नसे. ओळ संपली की गिटार बोले, पुन्हा तो गाई. गवई आणि सारंगी एकाच अंगात. मी ती ऐकताना फक्त गिटारच्या जागा वाजवते, गाणं त्याचं त्याला गाऊ देते. चाळीस वर्षं जे काम केलं तेच काम, फक्त गाणारा आता दूर आहे.

राहिली काळी तीन. तिची पानं कोरीच राहिली. भाच्यानं शोधलं, मीही कान लावून बसले, पण मनात घर करील अशी चीज आम्हाला त्या पट्टीत मिळाली नाही. फुंकणाऱ्यांना ती गैरसोयीची, गिटारवाल्यांना षड्जाची मोकळी तार नाही, गाणाऱ्यांची ती कुणाचीच लाडकी नाही. आमच्याकडेही काळी तीन मागणारा गायक मला क्वचितच भेटला. बायकांना खाली पडते, पुरुषांना वर जाते.

याच शोधात भाच्यानं मला आयर्विंग बर्लिनबद्दल सांगितलं. अमेरिकेतला एवढा मोठा गीतकार, शेकडो गाणी त्यानं बांधली, पण पियानो तो जवळजवळ फक्त काळी तीनमध्ये वाजवायचा, काळ्या सुरांवर. दुसऱ्या पट्टीत हवं असेल तर त्याच्या पियानोला एक दांडा होता, तो सरकवला की आवाज बदले आणि बोटं तिथंच राहत. म्हणजे माझीच मूठ! मला हे ऐकून दिलासा वाटायला हवा होता. पण मी विचार करत राहिले तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या पट्टीत कुणी जात नाही तिथं हा माणूस जन्मभर राहिला, म्हणजे तिथं राहण्यासारखं काहीतरी असणार.

मी साधी पेटी घेऊन बसले आणि काळी तीनला सा धरून भूप राग वाजवला. सा रे ग प ध, पाचही सूर काळ्यांवर. हे तसं कुठल्याही पेटीवाल्याला माहीत असतं, मुलांना गंमत म्हणून दाखवतो आम्ही. मग ब्लूजला लागणारे सूर शोधले. कोमल गंधार, पांढरा. शुद्ध मध्यम पांढरा, तीव्र मध्यम पांढरा, कोमल निषाद पांढरा. भूप सगळा काळ्यावर, ब्लूजचा सगळा रंग पांढऱ्यावर. इतकी स्वच्छ वाटणी दुसऱ्या कुठल्या पट्टीत नाही. आणि गंधारावर बोट ठेवलेलं असताना ते सहज खाली सुटलं. काळ्यावरून पांढऱ्यावर, शुद्धावरून कोमलावर. मी पुन्हा केलं. इतके दिवस मी या पट्ट्यांत गंधार वर घसरवायला बघत होते आणि तो येत नव्हता. तो इथं खाली घसरतो. जोगात उतरताना जसा डोळा खाली जातो तसा. मी लगेच पांढरी तीनला करून पाहिलं, तिथंही तेच. पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी सात, सगळीकडे तेच. ज्या पाच पट्ट्यांना मी कोरड्या म्हणून बाजूला टाकलं होतं त्या पडणाऱ्या गंधाराच्या पट्ट्या होत्या. मी भाच्याला हाक मारली. रात्रीचे साडेअकरा झाले होते, तो तसाच गिटार घेऊन खाली आला आणि न विचारता त्यानं ई धरला. त्या रात्री मी पांढरी तीनला वाजवलं. चार फेरे, सात फेरे, मग मोजले नाहीत.

काळी तीनसाठी आता मी स्वतःच एक ओळ बांधते आहे. पंचमावर सुरुवात, गंधारावर येऊन तिथून एका बोटानं कोमलावर पडायचं, आणि षड्जावर टेकायचं. पहिल्या आवर्तनात एवढंच. दुसऱ्यात तीच ओळ, खाली मध्यम आल्यावर तो पडलेला गंधार अगदी आतून उजळतो, कारण मध्यमाच्या घरात तो कोमल निषाद होतो. हे मी योजलेलं नव्हतं, वाजवताना सापडलं.

तिसऱ्या आवर्तनाला उत्तर हवं, ते अजून नाही. तीन-चार केली आणि खोडली. एक फारच भूप झालं, एक कुठल्याशा नाट्यपदाच्या वळणावर गेलं, तिथं आजोबा दिसले म्हणून तेवढं पान मी फाडलं नाही. परवा भाच्याला ऐकवलं. तो गिटारच्या मानेवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका जागी दाबणारा चिमटा, लावायला गेला, म्हणजे ई चीच बोटं ठेवून काळी तीन मिळाली असती, मग माझ्याकडे पाहून त्यानं कॅपो खिशात ठेवला आणि तर्जनी आडवी करून सहाही तारा दाबल्या. दोन आवर्तनं आम्ही बरोबर वाजवली. तिसऱ्याला तो एकटाच पंचमावर गेला, मध्यमावर उतरला, घरी आला. मी भाता हलवत राहिले, सूर दाबला नाही. "काही हरकत नाही आत्या," तो म्हणाला, "मी पुन्हा पहिल्यापासून धरतो."